सीडीएल असताना तिकीट मिळालं: रेकॉर्डवर काय जातं आणि नोकरीच्या अर्जात काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंडियानाचं क्लास ए सीडीएल, म्हणजे मोठे ट्रक चालवण्याचं व्यावसायिक लायसन्स, ट्रकचा तीन वर्षांचा अनुभव. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या कारमध्ये मर्यादेपेक्षा १७ मैल जास्त वेगाचं तिकीट, म्हणजे पोलिसांचं चलान, मिळालं, ते ऑनलाइन भरून टाकलं. गेल्या महिन्यात ओहायोत ट्रक चालवताना पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवल्याचं तिकीट मिळालं, त्याची कोर्टाची तारीख अजून यायची आहे. मित्र सांगतात, 'दुसऱ्या राज्याचं आहे, भरून मोकळा हो, इंडियानाला कळतसुद्धा नाही.' आता एका मोठ्या कंपनीत अर्ज करायचा आहे. तर हे सगळं अर्जात लिहायचं का, आणि लिहिलं तर नोकरी मिळेल का?

अमेरिकेतल्या ट्रकिंग कंपन्यांच्या सेफ्टी विभागात ड्रायव्हरचे अर्ज तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने उत्तर देतो. मी वकील नाही. कोर्टात काय म्हणायचं ते वकीलच सांगेल.

ओहायोचं तिकीट आधी घेऊ, कारण तेवढंच अजून तुमच्या हातात आहे. ते भरू नका. निदान वकिलाशी बोलेपर्यंत नाही.

तिकीट हा नुसता आरोप असतो. रेकॉर्डवर जाते ती दोषसिद्धी, ज्याला इथे सगळे कन्व्हिक्शन म्हणतात. फेडरल नियमांच्या भाग ३८३ मध्ये कन्व्हिक्शनची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. न्यायाधीशाने दोषी ठरवलं तर कन्व्हिक्शन होतंच. पण तुम्ही गुन्हा कबूल केलात, 'नोलो' म्हणजे 'मी वाद घालत नाही' असं म्हणालात, भरलेली अनामत सोडून दिलीत, किंवा नुसता दंड वा कोर्टाचा खर्च भरलात, तरीही ते कन्व्हिक्शनच. शिक्षा नंतर माफ झाली किंवा स्थगित राहिली तरी फरक पडत नाही. म्हणजे रात्री जेवून झाल्यावर फोनवर दंड भरण्याचं बटण दाबलं की तुम्ही कोर्टात उभं राहून 'हो, मी दोषी आहे' म्हणाल्यासारखंच झालं. कारच्या तिकिटाचं तुमच्या बाबतीत हेच झालं आहे. ते परत उघडता येतं का, हे त्या कोर्टाच्या नियमांवर आणि मुदतींवर अवलंबून असतं. वकिलाला विचारून बघा, पण फार आशा ठेवू नका.

दुसरा लोकप्रिय सल्ला म्हणजे 'ड्रायव्हिंग स्कूल कर, तिकीट उडून जाईल'. साध्या लायसन्सवाल्याचं उडतं, सीडीएलवाल्याचं उडत नाही. नियम ३८४.२२६ प्रमाणे कोणत्याही राज्याला सीडीएलधारकाचं कन्व्हिक्शन झाकता येत नाही, निकाल पुढे ढकलून ठेवता येत नाही, किंवा वर्गाला बसवून ते रेकॉर्डवर येण्यापासून थांबवता येत नाही. याला मास्किंगबंदी म्हणतात. सूट फक्त पार्किंग, वजन आणि वाहनातल्या बिघाडाच्या तिकिटांना आहे. गंमत अशी की ही बंदी गाडीवर नसून माणसावर आहे. रविवारी मुलांना घेऊन स्वतःच्या कारमधून जाताना मिळालेल्या तिकिटालाही ती लागू होते. टेक्सासमध्ये सीडीएलवाल्याला स्वतःच्या कारच्या तिकिटासाठीही कोर्स करून सुटण्याचा पर्याय मिळत नाही. कॅलिफोर्नियात खाजगी गाडीच्या काही तिकिटांसाठी ट्रॅफिक स्कूल करता येतं आणि पॉइंट, म्हणजे गुन्ह्यामागे राज्य लायसन्सवर चढवतं तो गुण, वाचतो, पण कन्व्हिक्शन लपत नाही. नोकरी देणाऱ्याला ते दिसतंच.

मग वकील करतो तरी काय? पुरावा कच्चा असेल तर सरकारी वकील आरोप मागे घेऊ शकतो, किंवा वस्तुस्थितीला धरून दुसऱ्या, हलक्या आरोपावर येऊ शकतो. मास्किंगबंदी आड येते ती झालेली दोषसिद्धी लपवण्याला. निकालाआधी आरोप लढवण्याचा तुमचा हक्क तिने गेलेला नाही. ही सगळी खटपट निकालाच्या आधीच करता येते, म्हणून भरू नका म्हणतो. सीडीएलची प्रकरणं रोज हाताळणारा, त्याच काउंटीतला वकील शोधा. बऱ्याच साध्या तिकिटांत तो तुमच्या वतीने हजर राहू शकतो, तुम्हाला लोड सोडून ओहायोला जावं लागत नाही. जवळून चालवल्याचा आरोप हा वेगाच्या आरोपासारखा रडारच्या आकड्यावर उभा नसतो. अधिकाऱ्याने काय पाहिलं, रहदारी किती होती, मध्येच कोणी कार घुसवली का, यावर बोलायला जागा असते. ट्रकमध्ये डॅशकॅम असेल तर त्या दिवसाचं चित्रण आजच मागून ठेवा. बऱ्याच यंत्रणांत काही काळाने त्याच्यावर नवं चित्रण चढतं आणि जुनं पुसलं जातं.

'इंडियानाला कळत नाही' हे खरं असण्याचे दिवस फार मागे पडले. १९८६ च्या कायद्याआधी एकाच ड्रायव्हरकडे तीन-चार राज्यांची लायसन्स असायची, आणि तिकिटं त्यांच्यावर वाटून टाकली जायची. तो खेळ बंद करायलाच सीडीएल आलं. एक ड्रायव्हर, एक लायसन्स, एक रेकॉर्ड, आणि सगळ्या राज्यांना जोडणारी सीडीएलआयएस ही यंत्रणा. एका राज्यात झालेलं कन्व्हिक्शन लायसन्स देणाऱ्या राज्याला दहा दिवसांत कळवायचं असतं, आणि ऑगस्ट २०२४ पासून ही देवाणघेवाण फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेच करायची असा फेडरल नियम आहे. ही साखळी तुटली की काय होतं ते जून २०१९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या रँडॉल्फ गावाजवळ दिसलं. पिकअप आणि ट्रेलरच्या अपघातात सात मोटरसायकलस्वार गेले. पिकअपचा चालक मॅसॅच्युसेट्सचा सीडीएलधारक होता. कनेटिकटने त्याच्याविषयी आधीच कळवलं होतं, पण मॅसॅच्युसेट्सच्या कार्यालयात त्यावर कारवाई झाली नव्हती. चौकशीत बाहेरच्या राज्यांकडून आलेल्या अशा न हाताळलेल्या सूचनांचे खोकेच्या खोके सापडले आणि त्या कार्यालयाच्या प्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. चालकाला पुढे २०२२ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं, तो भाग वेगळा. पण दुसऱ्या राज्याच्या तिकिटाकडे काणाडोळा करायची कोणाची आता तयारी नाही.

तुमची दोन्ही तिकिटं मिळून लायसन्स जाईल का? या हिशेबात बरेचजण गोंधळतात. फेडरल नियमांत काही गुन्ह्यांना 'सीरियस' म्हटलं आहे. त्यात मर्यादेपेक्षा १५ मैल किंवा जास्त वेग, बेपर्वा चालवणं, चुकीच्या किंवा वेड्यावाकड्या पद्धतीने लेन बदलणं, पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवणं, चालवताना टेक्स्ट करणं, फोन हातात धरणं, आणि जीवघेण्या अपघाताशी जोडलेला वाहतुकीचा गुन्हा हे येतात. सीडीएल नसताना किंवा जवळ न ठेवता ट्रक चालवणंही येतं. तीन वर्षांत वेगवेगळ्या प्रसंगांत यातली दोन कन्व्हिक्शन झाली तर ६० दिवस ट्रक बंद, तीन झाली तर १२० दिवस.

इथे खाजगी गाडीला एक वेगळी अट आहे. कारमधला सीरियस गुन्हा या मोजणीत तेव्हाच धरला जातो, जेव्हा त्याच्यामुळे तुमचं लायसन्स निलंबित किंवा रद्द होतं. तुमच्या १७ मैलांच्या तिकिटाने तसं झालेलं नाही, म्हणून या हिशेबात ते शून्य. ओहायोत दोषी ठरलात तर तो तुमचा पहिला सीरियस गुन्हा असेल. त्याने सीडीएल जाणार नाही. पण त्यानंतर तीन वर्षं तुम्ही काठावर असाल. ट्रक चालवताना हातात फोन दिसला, एवढं एक तिकीटही दोन महिने घरी बसवायला पुरेल. आणि दोन महिने घरी बसलेल्या ड्रायव्हरची जागा कोणी राखून ठेवत नाही.

दारूचा, टेस्ट नाकारण्याचा, अपघाताच्या जागेवरून पळण्याचा मामला वेगळ्याच पातळीवरचा आहे. पहिल्याच वेळी एक वर्ष, धोकादायक माल भरलेला असेल तर तीन वर्षं, दुसऱ्या वेळी आयुष्यभरासाठी. आणि तिथे खाजगी गाडी की ट्रक असा भेद नाही. तुमचा प्रश्न तो नाही, म्हणून पुढे जातो.

लायसन्स शाबूत राहिलं म्हणजे नोकरी मिळाली असं मात्र नाही. कायदा किमान पातळी सांगतो. कंपनी, आणि कंपनीपेक्षाही तिची विमा कंपनी, स्वतःची पातळी त्याच्या बरीच वर ठेवते. तुमचा अर्ज माझ्यासारख्याच्या टेबलावर येतो तेव्हा आमच्यासमोर एक रेकॉर्ड नसतं, चार-पाच असतात, आणि प्रत्येकाची मुदत निराळी.

पहिलं एमव्हीआर, म्हणजे राज्याचं मोटार वाहन रेकॉर्ड. गेल्या तीन वर्षांत ज्या ज्या राज्याचं लायसन्स तुमच्याकडे होतं त्या प्रत्येक राज्याकडून ते मागवणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि नोकरीवर घेतल्यावर दरवर्षी पुन्हा. यात कन्व्हिक्शन आणि निलंबनं दिसतात, कार असो वा ट्रक. गुन्हा किती वर्षं दिसतो ते राज्यागणिक बदलतं. इथे एक गैरसमज काढून टाका: पॉइंट गळून पडले म्हणजे नोंद गेली असं नसतं. पॉइंट हा राज्याचा हिशेब. आम्ही पॉइंट मोजत नाही, ओळी वाचतो.

दुसरं पीएसपी. हे फेडरल रस्ता-तपासणीचं रेकॉर्ड आहे. तीन वर्षांच्या रोडसाइड तपासण्या आणि पाच वर्षांचे अपघात त्यात असतात. मागवणं सक्तीचं नाही आणि तुमच्या लेखी संमतीशिवाय मागवता येत नाही, पण मोठ्या कंपन्या मागवतातच. ड्रायव्हर लोक इथेच चकित होतात, कारण पीएसपीला तिकिटाची गरजच नसते. अधिकाऱ्याने 'जा, या वेळी फक्त वॉर्निंग' म्हणून सोडलं, पण तपासणीच्या अहवालात 'जवळून चालवणं' अशी ओळ टाकली, की ती ओळ तीन वर्षं तिथे बसते. तिकीट नाही, कोर्ट नाही, दंड नाही, आणि तरीही मला दिसते. म्हणून ओहायोच्या त्या दिवसाचे कागद काढून बघा. तिकिटासोबत ड्रायव्हर-वाहन तपासणीचा अहवाल मिळाला होता का? मिळाला असेल तर तो तुम्ही २४ तासांत कंपनीला द्यायला हवा होता, आणि ती नोंद पीएसपीत गेली आहे असंच धरून चला. जून २०२५ पासून इंग्रजीत संवाद साधता आला नाही तर जागच्या जागी आउट ऑफ सर्व्हिस करतात, म्हणजे तिथेच ट्रक चालवायला मनाई करतात, त्याचीही नोंद याच अहवालात होते. आपल्याकडच्या नव्या ड्रायव्हरांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

उलट, एकही दोष न निघालेली तपासणीसुद्धा पीएसपीत दिसते, आणि ती तुमच्या बाजूने बोलते. अधिकाऱ्याने पूर्ण तपासलं आणि काही सापडलं नाही, तर अहवाल लिहून द्यायची विनंती जरूर करा. ड्रायव्हर निघायच्या घाईत ते सोडून देतात.

तिसरा डॅक रिपोर्ट. हा सरकारी नाही. हायरराइट ही खाजगी कंपनी तो ठेवते. आधीच्या कंपन्यांनी तुमच्याविषयी काय कळवलं ते त्यात असतं: नोकरी कशी सुटली, अपघात, ट्रक वाटेत सोडून गेलात का, पुन्हा घेतील का. तिकिटापेक्षा यातल्या एखाद्या ओळीने अर्ज अडलेले मी जास्त पाहिले आहेत. चौथी गोष्ट, आधीच्या मालकांकडे चौकशी. गेल्या तीन वर्षांतल्या डीओटीच्या, म्हणजे फेडरल वाहतूक खात्याच्या, नियमांखालच्या प्रत्येक मालकाला तुमच्या अपघातांची माहिती विचारणं आम्हाला भाग असतं. आणि पाचवं, ड्रग आणि अल्कोहोलचं क्लिअरिंगहाउस, जे जानेवारी २०२० मध्ये सुरू झालं. साध्या तिकिटांचा त्याच्याशी संबंध नाही. अपवाद एकच: ट्रक चालवताना दारूचं तिकीट मिळालं आणि मालकाला ते कळलं, तर त्याला ते तिथे कळवावं लागतं. पुढे कोर्टात सुटलात तरी ती नोंद राहते. सुटल्याचा कागद तुम्ही तिला जोडू शकता, इतकंच.

ही सगळी पानं एकमेकांशेजारी ठेवून आम्ही बघतो काय? आकडा बघतोच. बऱ्याच कंपन्यांत तीन वर्षांत दोन किंवा तीन मूव्हिंग व्हायोलेशनवर, म्हणजे गाडी चालती असताना केलेल्या गुन्ह्यांवर, गेलात की संगणकच अर्ज बाजूला काढतो. काहींना गेल्या बारा महिन्यांत सीरियस प्रकारचं एकही चालत नाही. पण माणसाच्या हातात अर्ज आला की आकड्यापेक्षा सवय दिसते. तीन वेगवेगळी, विखुरलेली तिकिटं एक गोष्ट सांगतात. वेग आणि जवळून चालवणं ही जोडी दुसरी गोष्ट सांगते: हा माणूस घाईत असतो. ८०,००० पौंडांच्या ट्रकमध्ये घाईला माफी नसते, म्हणून तुमची दोन तिकिटं संख्येने कमी असली तरी मला खटकतील, हे स्पष्ट सांगतो. ओहायोचं लढणं म्हणूनही महत्त्वाचं. ते गेलं तर उरतं दोन वर्षांपूर्वीचं कारमधलं एक तिकीट, आणि त्यावर कोणी अडून बसणार नाही.

कंपन्या इतक्या बारकाईने का बघतात? अपघात झाला की समोरच्या पक्षाचा वकील पहिली मागणी करतो ती ड्रायव्हरच्या पात्रतेच्या फाइलची. 'हा असा आहे हे माहीत असून तुम्ही त्याच्या हातात ट्रक दिलात' हे ज्यूरीसमोर सिद्ध झालं, तर नुकसानभरपाईचा आकडा अपघाताच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा होतो. रिक्रूटर फोनवर गोड बोलतो आणि चार दिवसांनी सेफ्टी विभाग नकार देतो, त्यामागे ही भीती असते. रिक्रूटरचं 'चालेल, चालेल' मनावर घेऊ नका. त्याचं काम जागा भरण्याचं आहे. हातातली नोकरी सोडण्याआधी सेफ्टीची मंजुरी लेखी मागा.

आता अर्ज. नियम ३९१.२१ अर्जात काय विचारायचं ते ठरवून देतो. गेल्या तीन वर्षांत वाहतुकीच्या ज्या ज्या गुन्ह्यांत कन्व्हिक्शन झालं किंवा अनामत सोडली ती सगळी, फक्त पार्किंग सोडून. तीन वर्षांतले अपघात. लायसन्स कधी नाकारलं, निलंबित किंवा रद्द झालं असेल तर त्याची हकीकत. आणि या प्रश्नाला तीन वर्षांची मर्यादा नाही, हे वाचताना निसटतं. तीन वर्षांचे सगळे मालक, आणि सीडीएलच्या कामासाठी त्याआधीच्या सात वर्षांतले ज्यांच्याकडे ट्रक चालवला तेही. शेवटी 'माझ्या माहितीप्रमाणे सर्व खरं आणि पूर्ण आहे' यावर तुमची सही.

तेव्हा कारचं १७ मैलांचं तिकीट लिहायचं. 'ते तर माझ्या कारचं होतं' म्हणून गाळायचं नाही. प्रश्न गाडीचा नाही, कन्व्हिक्शनचा आहे. ओहायोचं अजून कन्व्हिक्शन नाही, म्हणून फॉर्म फक्त कन्व्हिक्शन विचारत असेल तर ते त्या रकान्यात येत नाही. पण कितीतरी कंपन्यांचे फॉर्म फेडरल नियमाच्या पुढे जाऊन 'मिळालेली तिकिटं', 'प्रलंबित प्रकरणं' असं विचारतात, काही पाच वर्षांचं विचारतात. प्रश्न शब्दशः वाचा आणि विचारलंय तेवढ्याचं पूर्ण उत्तर द्या. प्रलंबित विचारलं असेल तर 'प्रलंबित, कोर्टाची तारीख अमुक' असं लिहा. आणि तपासणीत ती ओळ पीएसपीत गेली असेल, तर फॉर्मने विचारलं नसलं तरी रिक्रूटरला स्वतःहून सांगा. ती मला दिसणारच आहे, आणि तुमच्या तोंडून आधी ऐकलेली गोष्ट पुढे कागदावर दिसली तर माझा हात थबकत नाही.

लिहिलेल्या तिकिटामुळे अर्ज नाकारणं आणि न लिहिलेल्या तिकिटामुळे नाकारणं, यात आमच्याकडे मोठा फरक आहे. पहिल्यात मी वरिष्ठांकडे जाऊन 'एक आहे, जुनं आहे, घेऊ या' असं म्हणू शकतो. दुसऱ्यात मला तोंड उघडायला जागा राहत नाही, कारण तो अर्जातल्या खोटेपणाचा मामला होतो. आणि नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी ते सापडलं तर काढून टाकायला तेवढं कारण पुरतं. मग ते डॅकवर जातं आणि पुढच्या अर्जातही तुमच्यासोबत येतं. तारीख आठवत नाही म्हणून अंदाजाने लिहिणारेही यात अडकतात. अर्ज भरायच्या आधी स्वतःचं एमव्हीआर इंडियानाकडून मागवा, पीएसपी मागवा, त्याला दहा डॉलर लागतात, आणि डॅकची प्रत मागवा. ती वर्षातून एकदा फुकट मिळते. ती तिन्ही समोर ठेवून फॉर्म भरा.

खुलाशाला जागा असेल तर चार ओळी पुरेत. तारीख, राज्य, कोणती गाडी, नेमका आरोप, निकाल, आणि त्यानंतर काय बदललं. उदाहरणार्थ: 'स्वतःची कार, मर्यादा ५५, वेग ७२, दंड भरला. त्यानंतर कारमध्ये वेगाचं एकही तिकीट नाही.' पोलीस कसा खडूस होता, सगळेच त्या वेगाने कसे जात होते, तिथली पाटी झाडामागे कशी होती, हे लिहू नका. ते खरंही असेल. पण अर्ज वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हा माणूस चूक स्वतःकडे घेत नाही, आणि असा ड्रायव्हर अपघातानंतर कसा वागेल याचा तो विचार करू लागतो.

सध्याच्या मालकाचंही एक देणं आहे. कन्व्हिक्शन झालं तर ३० दिवसांच्या आत त्याला लेखी कळवावं लागतं. कोणतीही गाडी, कोणतंही राज्य, पार्किंग सोडून काहीही. कारच्या तिकिटाच्या वेळी तुम्ही हे केलं नसेल असा माझा अंदाज आहे. बहुतेकजण करत नाहीत, कारण त्यांना हे ठाऊकच नसतं. लायसन्स निलंबित झाल्याची सूचना मिळाली तर मात्र ३० दिवस नसतात, पुढच्या कामाच्या दिवसाअखेर सांगावं लागतं. पूर्वी ड्रायव्हरला दरवर्षी स्वतःच्या तिकिटांची यादी लिहून द्यावी लागायची, ती पद्धत २०२२ मध्ये बंद झाली. त्यावरून काहींनी 'आता काहीच सांगावं लागत नाही' असा अर्थ काढला आहे. तो चुकीचा आहे. ३० दिवसांचा नियम जागेवर आहे.

शेवटी ओहायोच्या निकालानंतरचं काम, कारण जिंकलेले लोकही इथे ढिले पडतात. आरोप मागे घेतला गेला किंवा सुटलात, तर कोर्टाच्या क्लर्ककडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या. कोर्टात सुटलात म्हणून पीएसपीतली ओळ आपोआप पुसली जाईल असं समजू नका, ती तुम्हालाच काढून घ्यावी लागते. त्यासाठी फेडरल सरकारची डेटाक्यूज ही ऑनलाइन सोय आहे. तिथे अर्ज करून निकालाची प्रत जोडायची. ज्या राज्याने तपासणी केली तेच राज्य तो तपासतं. ऑगस्ट २०१४ नंतरच्या तपासण्यांसाठी नियम असा आहे की कोर्टाने तिकीट फेटाळलं असेल तर ती नोंद काढायची, आणि दुसऱ्या आरोपावर दोषी ठरवलं असेल तर तसा बदल दाखवायचा. डॅकमधली चूक मात्र हायरराइटकडे तक्रार करून सुधारावी लागते, आणि आधीच्या मालकाने कळवलेल्या माहितीवर तुमचं म्हणणं जोडण्याचा हक्क तुम्हाला आहे. डेटाक्यूजचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर अर्ज करायची वेळ आली तर कोर्टाची प्रत अर्जासोबतच पाठवून द्या.